हत्तीची सोंड आणि रुपयाचे मोल

लक्ष्मीपूजनासाठी बाहेर निघणाऱ्या राणी-छाप, राजा-छाप रुपयांकडे बहुतेक पेढ्यांवर वजनाच्या दृष्टीनेच पाहिले जाते. एक रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी; हा हिशेब पिढ्यानुपिढ्या पाठ आहे. वाटणीच्या वेळी अथवा घसघशीत भाव आला असता ही नाणी सराफाच्या तराजूत पडतात आणि आटवली जातात. तराजू खोटे बोलत नाही. परंतु सारे सांगतही नाही.

१९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया घ्यावा. राजाच्या वस्त्रावरील मानचिन्हाच्या साखळीत एक चिमुकला हत्ती कोरलेला आहे. कारागिराने त्याची सोंड इतकी आखूड कोरली की लोकांना तो डुकरासारखा दिसला. मुसलमान प्रजेत असंतोष पसरला. सुमारे ९४ लक्ष रुपये पाडले गेले होते. त्यांतील सुमारे ७ लक्षच व्यवहारात आले आणि उरलेले आटवले गेले. १९१२ पासून नव्या ठशावर हत्तीला लांब सोंड मिळाली. चांदी तीच, वजन तेच. तरीही संग्राहक १९११ च्या स्वच्छ नाण्याला चांदीच्या भावाहून बरेच अधिक देतो.

हा झाला ठशाचा भेद. त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तो उमटतो. शिवराईत तर अशा भेदांचे भांडारच आहे. ठसे हाताने कोरलेले असल्यामुळे ‘शिव’ आणि ‘छत्रपति’ या शब्दांची ऱ्हस्व-दीर्घ रूपे ठशागणिक बदलतात. कोठे ‘शिव’चा ‘सिव’ही झालेला आढळतो. हे दोष केवळ हसून सोडून देण्याजोगे नाहीत, कारण कोणती नाणी एका हातची, हे अभ्यासक त्यांवरूनच जुळवतात.

पाडण्यातील चूक मात्र निराळी. ती बहुधा एकट्या नाण्याची असते. बाजारात ज्याला ‘लाखी’ म्हणतात, त्याच्या एका बाजूस छाप सरळ आणि दुसऱ्या बाजूस तीच छाप उलटी व खोलगट असते. पाडलेले नाणे ठशालाच चिकटून राहते, त्यावर पुढची कोरी चकती येते आणि चकतीच्या एका अंगावर ठशाऐवजी त्या नाण्याचाच ठसा बसतो. नकली लाखी शेगड्यासारख्या पकडीत दोन नाणी दाबून करतात. तसे केल्यास खालची सरळ छाप चेपली जाते. म्हणून खरेदीदाराने उलटी बाजू पाहून हरखण्याआधी सरळ बाजू भिंगाखाली न्यावी.

जुनी नाणी चिंच, राख वा रांगोळीने घासून लखलखीत करण्याची घरोघरची हौस मोठी हानिकारक आहे. पृष्ठभागाचा मूळ थर गेला की संग्राहकाच्या लेखी मोल घसरते, आणि ते पुन्हा चढत नाही.

फसवणुकीचे दुसरे दार अलीकडचे आहे. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो असे सांगून आधी ‘शुल्क’ मागणारे रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करतात. अशा खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि आपण कोणतेही शुल्क वा दलाली घेत नाही, असे बँकेने २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांना भेट धाडण्यापूर्वी सालही पाहावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही. १९११ चा रुपयाही आता त्यातच मोडतो.