‘बरं आहे हो’ म्हटलं, तिथेच चुकलं

इथे आपण सगळे जुन्या इंदूरच्या आठवणी लिहितो. वाडे, शाळा, गणपती, सराफ्यातली रात्र. माझी आजची आठवण फार जुनी नाही आणि गोड तर मुळीच नाही. पण लिहायलाच हवी, असं मला वाटतं.

माझी आत्या शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही, जन्मभर आमच्याच घरात राहिली. मला अक्षर तिनेच शिकवलं. ८४व्या वर्षी न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. इकडे माझ्या मिस्टरांचं डायलिसिस चालू, मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात. चार महिने घरी ओढले. मग अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना दरमहा पैसे घेऊन सांभाळतात, अशा एका होममध्ये तिला ठेवलं. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका जागेचा नाहीच.

ती जागा निवडली कशी? मॅनेजर मराठी. दारात तुळस. संध्याकाळी रामरक्षा. वरण-भातावर तूप. ओळखीतल्या दोघांनी ‘छान आहे’ म्हटलं. बस्स! मी स्वयंपाकघर बघून आले, न्हाणीघर बघितलं नाही. भिंतीवरचे फोटो बघितले, रात्रपाळीला किती जणी असतात ते विचारलं नाही.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. त्याने फोनवर विचारलं, “त्या होमला स्टार किती आहेत गं?” मी हसले. म्हटलं, हॉटेल आहे का ते? तेव्हा त्याने सांगितलं, की तिकडे सरकारच प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच स्टार देतं, २००८ पासून. तपासणीत काय सापडलं, माणसं किती, पेशंट किती पडले, किती जणांना जखमा झाल्या, हे कुणालाही घरबसल्या बघता येतं. त्यातले काही आकडे होमवालेच भरतात, त्यामुळे स्टारवर डोळे मिटून विसंबू नये, हेही तोच म्हणाला. पण विचारायला काहीतरी हातात असतं! आपल्याकडे काय, तर ‘छान आहे’.

तीन महिन्यांनी आत्याला ताप भरला म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कूस वळवून पाठ बघितली आणि मलाही बघायला सांगितलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती, खोल. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर कातडी कुजते, हे मला त्या दिवशी कळलं. होममध्ये रात्री बावीस जणांना दोन मुली होत्या, हेही त्यानंतरच कळलं. आत्याला विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, “आपलीच माणसं आहेत गं, त्यांना कशाला परेशान करायचं?”

सव्वा महिन्याने ती गेली. जखमेमुळेच गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण तिचे शेवटचे दिवस फार दुखण्यात गेले.

आता खरी गोष्ट सांगते. तेराव्याला आमच्या ओळखीतल्या एक बाई आल्या होत्या. जाताना हळूच म्हणाल्या, “ते होम कसं आहे हो? सासऱ्यांसाठी बघतोय.” आणि मी म्हटलं, “बरं आहे हो.” का म्हटलं? लाज वाटली. आत्याला घराबाहेर ठेवलं, हीच टोचणी होती, वर तिथे तिचे हाल झाले हे कोणत्या तोंडाने सांगू? दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. सासरे रात्री एकटेच लघवीला उठले, पडले, डोक्याला मार लागला, सकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आपल्या गावात अशा जागांचा रेकॉर्ड कुठे लिहून ठेवलेला असेल, तर तो आपल्याच घरांत आहे, आणि ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने तो आपणच दाबतो.

तुम्हाला कधी बघायला जावं लागलं, तर एवढं करा. सांगून एकदा जा आणि न सांगता दोनदा, त्यातलं एकदा रात्री. विचारा, गेल्या वर्षात किती जण पडले, किती जणांना पाठीला जखमा झाल्या? ‘आमच्याकडे कुणी पडतच नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. म्हातारी माणसं पडतात. जो आकडा सांगतो आणि पडल्यावर काय बदललं तेही सांगतो, तो निदान लिहून तरी ठेवतो. औषधांचा आणि कूस बदलल्याचा कागद बघायला मागा. सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच हाताने भरलेल्या दिसल्या तर समजून जा. शुश्रूषा करतो म्हणतात, तर नोंदणी दाखवा म्हणा. मध्यप्रदेशात उपचर्यागृहांच्या नोंदणीचा कायदा १९७३ पासून आहे. आग लागली तर दुसरी वाट कुठली आणि तिची किल्ली रात्री कुणाकडे असते, तेही विचारा. १ ऑगस्ट २०२२ ला जबलपूरच्या एका खासगी अस्पतालात आग लागून आठ जण गेले. आत-बाहेर करायला एकच वाट होती, असं तेव्हा बातम्यांत होतं. आणि कुणाचा छळ होताना दिसला, तर ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७.

काही जण म्हणतील, असं उघड बोललं तर चांगल्या जागाही बदनाम होतील. मला नाही पटत. त्या दोन मुलींवर माझा राग नाही. थोड्या पगारात बावीस जणांचं करत होत्या त्या. पण आपण विचारायलाच लागलो नाही, तर मालक तिसरी कशाला ठेवेल? आणि खरोखर चांगलं चालवणाऱ्याचं वेगळेपण तरी कसं दिसणार?

घरच्या माणसाला होममध्ये ठेवण्यात पाप नाही, हे मला आता पटलंय. पाप झालं ते ‘बरं आहे हो’ म्हणण्यात. तुमच्या घरीही असा काही अनुभव असेल, चांगला किंवा वाईट, तर विचारणाऱ्याला खरं सांगा. आत्या माझ्या वहीतल्या चुकांखाली लाल रेघ मारायची. ही रेघ मी आज माझ्याच हाताने मारतेय.