खिडकीतून बघणारे आपण

हिचकॉकच्या 'रिअर विंडो'मध्ये (१९५४) खून दाखवलेलाच नाही. तरी शेवटचा अर्धा तास मी दरवेळी खुर्चीच्या टोकावर! कारण साधं आहे. जेफचा पाय प्लास्टरमध्ये, आणि कॅमेराही जवळपास पूर्ण वेळ त्याच्याच खोलीत अडकलेला. लिझा समोरच्या थॉरवल्डच्या घरात शिरते. तो परत येताना आपल्याला दिसतो, तिला नाही. ओरडून काय उपयोग? पोलीस येतात, ती पाठीमागे हात धरून बोटातली त्याच्या बायकोची अंगठी दाखवते. थॉरवल्डला इशारा कळतो आणि तो थेट आपल्याकडे बघतो. बास! इतका वेळ लोकांच्या घरात मजेत डोकावत होतो ना? पकडले गेलो. हल्लीच्या थ्रिलर्समध्ये असल्या जागी ढणढण संगीत वाजतं. इथे थोड्या वेळाने नुसता फोन वाजतो. जेफ बोलतो, पलीकडे कुणीच बोलत नाही.