हातचं राखणं आणि मागे ठेवणं

गाइडमध्ये ‘होल्ड बॅक’पुढे ‘रोखणे’ एवढंच छापलेलं असतं. मुलं तेवढं पाठ करतात आणि परीक्षेतल्या पहिल्याच उताऱ्यात अडतात.

काय रोखलं जातंय ते कळल्याशिवाय या क्रियापदाचा अर्थ लागत नाही. धरणाच्या बाबतीत ते पाणी अडवणं असतं, पण डोळ्यांतलं पाणी आपण अडवत नाही, आवरतो. माहिती ‘होल्ड बॅक’ केली म्हणजे दडवली. आणि ‘डोन्ट होल्ड बॅक’ला आपल्याकडे तयार उत्तर आहे: हातचं राखून बोलू नका.

सगळ्यांत महत्त्वाचा वापर मात्र आपल्याच कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याच्या कलम १६ मध्ये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणतंही मूल कोणत्याही वर्गात ‘हेल्ड बॅक’ केलं जाणार नाही, असं म्हटलं होतं. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीपुरती वाट मोकळी केली. वार्षिक परीक्षेत मूल अनुत्तीर्ण झालं तर जादा शिकवणी आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा. तीही गेली तर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा सरकार शाळेला देऊ शकतं. शाळेतून काढता मात्र येत नाही. आपण या सगळ्याला सरसकट ‘नापास’ म्हणतो, आणि दोष पोराच्या माथी येतो. कायद्याच्या शब्दांत मूल मागे राहत नाही, त्याला मागे ठेवलं जातं, आणि ठेवणारी शाळा असते. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

व्याकरणाची मेख एकच. सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: ‘होल्ड हिम बॅक’. ‘होल्ड बॅक हिम’ चूक. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं. अशी जोडक्रियापदं परक्यांना सर्वांत अवघड जातात, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय. तेव्हा मुलांना ती एका दमात येत नाहीत यात मुलांचं काही चुकत नाही.

इंग्रजीच्या शिक्षकांना एवढीच विनंती, की फळ्यावर नुसतं ‘होल्ड बॅक’ लिहू नका. पाणी, अश्रू, माहिती, मूल अशी चार वाक्यं लिहा आणि मराठी क्रियापद मुलांनाच शोधू द्या.