घडी कुणाची?

माझी नात तिसरीत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेने मुलांना जो प्रकल्प दिला होता, त्यात एक कलम होते : कागदाच्या घड्या घालून पाच वस्तू तयार कराव्यात, वहीत चिकटवाव्यात आणि पहिल्या पानावर 'हे मी स्वतः केले आहे' असे लिहून सही करावी. खाली पालकांची सही. मला बरे वाटले. घोटीव कागद आणून ठेवावेत असेही मनात आले. पण फराळ, पाहुणे, किल्ला, भाऊबीज यांत दिवस निघून गेले.

शाळा उघडायच्या आदल्या रात्री अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर जेवणाच्या टेबलाशी मुलगा आणि सून समोरासमोर बसून बेडूक करीत होते. समोर घरपोच मागवलेला संच. कागद मापात कापलेले, घडीच्या जागी रेघा छापलेल्या, बेडकाचे डोळेसुद्धा तयार. चुकायला जागाच ठेवलेली नव्हती. नात आत झोपली होती.

सकाळी तिने पहिल्या पानावर जोडाक्षरे जपत सही केली, वही दप्तरात टाकली आणि बूट चढवता चढवता मला विचारले, "आबा, बाईंनी बेडूक कसा केला विचारलं, तर मी काय सांगू?"

मी बँकेत छत्तीस वर्षे काढली. त्या नोकरीने मला काय शिकवले असे कुणी विचारले तर मी एकच सांगेन : सही म्हणजे काय, ते. व्हाउचर तयार करणारा एक, तपासणारा दुसरा. न पाहता केलेल्या सहीपायी चांगल्या माणसांच्या बढत्या अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि इथे आठ वर्षांची पोर, न केलेल्या कामाखाली, आईवडिलांच्या साक्षीने सही करून शाळेत निघाली होती. कागदाच्या बेडकाचे एवढे काय घेऊन बसलात, असे कुणी म्हणेल. पण तिच्या आयुष्यातली ती बहुधा पहिलीच सही होती.

संध्याकाळी मी मुलाजवळ विषय काढला. तो चिडला नाही. म्हणाला, "बाबा, माझी होडी तुम्हीच करून दिली होती. मी अर्धी केली होती, ती तुम्ही हातातून घेतलीत."

मला ते आठवत नव्हते. मग आठवले. मार्चअखेरचे दिवस होते, रात्री उशिरा घरी आलो होतो. त्याची घडी तिरकी पडली होती. मी कागद काढून घेतला, सपाट केला, नखाने नीट घडी पाडली आणि दोन मिनिटांत झकास होडी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने ती पाण्यात सोडली की नाही, मला ठाऊक नाही. त्यानंतर त्याने माझ्याकडे कधी कागद आणला नाही, हे मात्र आज कळते. तेव्हा संच मागवणाऱ्यांना नावे ठेवायचा अधिकार मला किती, हा प्रश्नच आहे. ती दोघे सकाळी आठला घर सोडतात. मी निवृत्त आहे, माझ्याकडे वेळच वेळ.

म्हणून नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघे बसलो, आजोबा आणि नात. खर्च शून्य. छापखान्यातून चुकून आलेले, एका बाजूला कोरे असलेले ए-फोर कागद घरात होते. आधी त्यांचा चौकोन करायचा. एक कोपरा समोरच्या लांब कडेवर आणून दाबायचा आणि खाली उरलेली पट्टी फाडायची. ही पट्टी फेकू नये, तिच्या चुण्या घातल्या की पंखा होतो.

पहिला केला पेला, कारण त्याला जेमतेम पाच घड्या लागतात. चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला की त्रिकोण. लांब बाजू आपल्याकडे, टोक वर. उजवे टोक डाव्या कडेच्या मध्याच्या किंचित वर टेकवायचे, वरची कड आडवी सरळ आली पाहिजे. डावे टोक तसेच उजवीकडे. वर दोन पाकळ्या उरतात, एक पुढच्या खिशात खोचायची, दुसरी मागे दुमडायची. पेल्यात थोडा वेळ पाणीसुद्धा राहते. आम्ही त्यात चुरमुरे खाल्ले. (खायचे असेल तर कागद कोरा घ्यावा. छापील शाई पोटात जाणे बरे नव्हे.)

मग वर्तमानपत्राची टोपी. घडीची कड वर ठेवून वरचे दोन्ही कोपरे मध्यावर आणायचे, खालच्या पट्ट्या एक पुढून, एक मागून वर दुमडायच्या. ही टोपी आमच्या पिढीत प्रत्येकाने घातली आहे. गंमत पुढे आहे. टोपीच्या पोटात अंगठे घालून ती उघडायची आणि आडव्या अंगाने चपटी करायची, की चौकोन होतो. त्याची खालची टोके दोन्ही बाजूंनी वर दुमडली की पुन्हा त्रिकोण. तो पुन्हा उघडून चपटा केला आणि वरची दोन टोके धरून बाहेर ओढली, की होडी. टोपीतून होडी निघते हे पाहून नात जी ओरडली, ते छापील रेघांच्या संचात कुठून मिळणार?

या साध्या घड्यांना मोठी परंपरा आहे. जर्मनीतल्या फ्रोबेलने बालवाडीची कल्पना मांडली, तेव्हा मुलांच्या उद्योगांत कागदाच्या घड्यांना जागा दिली. तिथून स्फूर्ती घेऊन मद्रासकडचे सरकारी अधिकारी टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. थोर जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. जपानचे अकिरा योशिझावा तरुणपणी कारखान्यात होते आणि तिथल्या कामगारांना भूमिती समजवायला घड्या वापरीत. पुढे ते या कलेचे आधुनिक गुरू ठरले. आपल्याकडे डॉ. अनिल अवचटांनी हा छंद कसा जपला, हे त्यांच्या वाचकांना सांगायला नको.

भूमितीचा अनुभव आम्हीही घेतला. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ लांब. चौकोनासाठी कोपरा दुमडल्यावर जी तिरकी घडी पडते, ती दुसऱ्या कागदाच्या लांब कडेला लावून पाहा, बरोबर तेवढीच भरते. का, ते तिला आज सांगितले नाही. सातवी-आठवीत वर्गमूळ दोन भेटेल तेव्हा ही घडी आठवली तर बरे.

मला सगळ्यात अवघड काय गेले सांगू? हात मागे ठेवणे. तिची घडी तिरकी जाताना दिसते आणि बोटे शिवशिवतात. शेवटी मी माझा स्वतःचा कागद घेतला. ती तिचा दुमडणार, मी माझा. ती अडली की मी माझ्या कागदावर ती घडी सावकाश दाखवायची, तिच्या कागदाला हात लावायचा नाही. मोबाइलवरची चित्रफीतही पाहून झाली, पण तिथली बाई कुणासाठी थांबत नाही. सुट्टीत मुलांसाठी 'काहीतरी' शोधणाऱ्या आईबापांना माझे एवढेच म्हणणे आहे की रोज नको, रविवारी अर्धा तास बसा, दोन कागद घ्या आणि मुलाचा कागद मुलाच्याच हातात राहू द्या. आणि शिक्षकांनाही विनंती आहे की वहीत चिकटवलेला बेडूक मागण्यापेक्षा वर्गात एक कागद हातात द्यावा. कुणी केला, ते तिथेच कळेल.

तिचा बेडूक अखेर झाला. एक पाय आखूड, उडी डावीकडेच मारतो. फ्रिजवर ठेवला आहे. मुलगा कामावरून आला की त्याच्या पाठीवर बोट दाबून उडवतो. परवा त्याने टेबलावरचा एक कागद उचलला, दोन घड्या घातल्या आणि पुढचे आठवेना म्हणून लेकीला विचारले.

आता उन्हाळ्याची सुट्टी येते आहे. नातीला शिडाची होडी हवी आहे. ती मला येत नाही. सांगलीला माझी थोरली बहीण असते, तिला यायची. तिला फोन केला तर म्हणाली, "फोनवर कसं सांगू रे? कागद घेऊन ये."