जलनेतीची कसोटी आपणच घ्यावी

वर्षा ऋतूत झरी जामणी तालुक्यातील कपाशीच्या बांधांवर गाजरगवत फुलते आणि चिकित्सालयांत शिंका, नासास्राव व नेत्रकंडू यांनी त्रस्त रुग्ण येऊ लागतात. १९५५च्या सुमारास पुण्यात नोंदले गेलेले हे तण आज राज्यभर पसरले आहे. निंदण करणाऱ्या मजुरास निदानपरिवर्जन सांगणे सोपे, आचरणे कठीण. म्हणून आपण त्यास जलनेती सांगतो. तीत औषध नाही, खर्चही नाही. परंतु तिची उपयुक्तता आपण सिद्ध न करताच गृहीत धरतो.

या गृहीतास केवळ ग्रंथप्रामाण्य पुरत नाही. हठप्रदीपिका व घेरण्डसंहिता यांतील नेती सूत्राची आहे. आपल्या संहितांत नस्य आहे, लोट्याची नेती नाही. चरकाचार्यांनी आप्तोपदेशासह प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती हीही प्रमाणे मानली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रियांना प्रयोगशाळेत नेले, ती परंपरा आपलीच आहे.

२०१८च्या कॉक्रेन समीक्षेत नासाप्रक्षालनाच्या १४ चाचण्या व ७४७ रुग्ण यांचा विचार झाला. लाभ संभवतो, परंतु पुराव्याची प्रत कमी, असा तिचा निष्कर्ष आहे. अर्थात प्रश्न अजून खुला आहे.

'माझे रुग्ण बरे झाले' हे त्याचे उत्तर नव्हे. फुलोरा ओसरला की व्याधी स्वतःही शमते. तेव्हा श्रेय जलनेतीचे की ऋतूचे, हे तुलनेवाचून कळणार नाही. त्यासाठी नैतिक समितीची मान्यता व रुग्णांची लेखी संमती घेऊन, चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटास नेहमीच्या सूचनांसह जलनेती, दुसऱ्यास केवळ नेहमीच्या सूचना द्याव्यात. शिंका, स्राव, कंडू व नासावरोध यांस प्रत्येकी ० ते ३ गुण देऊन रुग्णाने रोज नोंद ठेवावी. जलनेती रुग्णापासून लपविता येत नाही. निदान गुणांची बेरीज करणाऱ्यास तरी गट ठाऊक नसावा.

येथे औषधविक्रेते बंधूंचे साहाय्य मोलाचे ठरेल. रुग्णाने सेटिरिझिनच्या किती गोळ्या नेल्या, हे त्यांची बिले सांगतील. स्मरणाहून ती नोंद अधिक विश्वसनीय. गोळ्यांचा खप घटला तर तो तोटा मानू नये. अशा सल्ल्याने दुकानावरील विश्वास वाढतो.

सुरक्षेची नोंदही हवी. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुतल्यावर अमीबाच्या संसर्गाने दोन मृत्यू झाले. म्हणून पाणी उकळून कोमट केलेले, मीठ एका लिटरला सुमारे ९ ग्रॅम, हा नियम विहिरीच्या पाण्यासही लागू करावा.

निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो छापावा. मजुराचा वेळ व विश्वास वाया जाऊ न देणे, हेही वैद्यकर्मच आहे. पुढील वर्षा ऋतूपूर्वी संघटनेच्या तालुका शाखांनी याचा विचार करावा, ही विनंती.