अख्खं बदलून टाका!

“अहो, एका बोल्टासाठी एवढं डोकं कशाला लावायचं? अख्खं बदलून टाका!” हे वाक्य ज्या गृहस्थाने प्रथम उच्चारलं त्याचा पत्ता मला कुणी कळवील काय? त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. दोन्ही छापण्याजोगे नाहीत. मिक्सरचं झाकण सैल झालं, अख्खा मिक्सर बदला. छत्रीची काडी निखळली, अख्खी छत्री बदला. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा गुडघा जरा कुरकुरू लागला, तर चौथ्या मजल्यावरून सल्ला आला तो हाच.

शहरात हे चालायचंच. पण हाच मंत्र मला टोकावड्याला एका म्हाताऱ्या ट्रकच्या इंजिनापाशी ऐकू आला, तेव्हा मात्र लेखणी उचलणं भाग पडलं.

कल्याणहून निघालं की मुरबाड, मग सरळगाव, मग टोकावडे. पुढे वैशाखरे, मोरोशी आणि माळशेजचा घाट. या रस्त्याचा राष्ट्रीय क्रमांक पूर्वी २२२ होता, आता ६१ आहे; खड्ड्यांना मात्र नंबर बदलल्याचं कुणी कळवलेलं दिसत नाही. आमचे मेव्हणे इथे एक ट्रक बाळगून आहेत. ट्रकचं वय विचारणं सभ्यपणाचं नव्हे. घाट चढताना मिळेल तो माल, उतरताना ओतूर-जुन्नरकडची भाजी, आणि तीही रात्रीची, कारण कोथिंबिरीला सकाळी सात वाजता कल्याणात टवटवीत दिसावं लागतं. तर या ट्रकच्या आल्टरनेटरचा खालचा बोल्ट तुटला.

आल्टरनेटर म्हणजे गाडीचं घरगुती वीजमंडळ. इंजिनाच्या कुशीत बसतो, पट्ट्यावर फिरतो, बॅटरी भरतो. खाली एका जाड बोल्टावर तो झुलतो आणि वर एका चिरेच्या पट्टीत दुसऱ्या बोल्टाने त्याला ताणून ठेवलेलं असतं. खालचा बोल्ट गेला की तो तिरपा होतो, पट्टा ढिला पडतो, आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरत असेल तर इंजिनालाही ताप भरतो.

बोल्ट तुटल्याची वार्ता पसरताच दोन पक्ष गोळा झाले. पहिला बदलवादी. “ब्रॅकेटच नवीन टाका शेट. नायतर गाडीच काढून टाका, नवी हप्त्यावर घ्या.” दुसरा तारवादी. त्यांच्याजवळ बाइंडिंगची तार तयार होती. “करकचून बांधा, पाचर मारा. डिझेल इंजिन आहे, त्याला लाइट लागतेच कुठे?”

तारवाद्यांचं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच ते भयंकर आहे. नव्या गाडीची वीज गेली तर तिचा संगणक हाय खातो आणि गाडी बिचारी कडेला उभी राहते. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप यांत्रिक. एकदा सुरू झालं की बॅटरी पार मेली तरी ते धडधडत राहतं. म्हणजे तार सुटली, चार्जिंग बंद पडलं, तरी गाडी थांबत नाही. थांबतात फक्त दिवे. आधी पिवळे होतात, मग तांबूस, मग नाहीत. श्रावणातली रात्र, माळशेजचं धुकं, वरून धबधब्याचं पाणी, पाठीवर टनावारी कोबी आणि पुढे मागे एकही दिवा नाही. मागून येणाऱ्या एस.टी.तल्या माणसांना हा ट्रक दिसायचा कशाने? कोथिंबिरीच्या वासाने?

बदलवाद्यांचं म्हणणं ऐकायला सुज्ञपणाचं. पण मिस्त्री आले, त्यांनी बॅटरीच्या वायरी सोडवल्या, आल्टरनेटर उतरवला, आत टॉर्च मारला आणि विचारलं, “ब्रॅकेट बदलून काय करणार? बोल्टाचं थुटूक ब्लॉकमधे आहे.” म्हणजे अख्खं बदलायचं तर अख्खं इंजिन बदलायला हवं होतं! बोटभर लोखंडासाठी. बदलवादी पक्षाची सभा तिथेच बरखास्त झाली. चहा पिऊन झाला होताच.

मग जे झालं ते मी दोन दिवस उभ्याने पाहिलं आणि मुंबईतल्या कित्येक व्याख्यानमालांपेक्षा त्यात जास्त शिकण्यासारखं होतं. संध्याकाळी थुटकावर तेल सोडून ठेवलं. रात्रभर मुरू दे. सकाळी मी उत्साहाने ‘ईझी-आऊट’चं नाव काढलं. थुटकात भोक पाडून हा उलट्या आट्यांचा पेच घालायचा आणि फिरवून थुटूक बाहेर काढायचं. मिस्त्री म्हणाले, “साहेब, नाव ईझी आहे. लोखंड कडक, पण ठिसूळ. आत मोडला तर त्याला ड्रिलसुद्धा चावणार नाही.” त्यांनी थुटकावर एक नट ठेवला आणि नटाच्या पोटातून वेल्डिंग केलं. पहिला नट निघून हातात आला. दुसरा बसला. लालभडक झालेलं थुटूक निवू दिलं, आणि मग पाना लावून पाव आटा मागे, जरासा पुढे, परत मागे. घाई नाही, शिव्या नाहीत. (शिव्या मेव्हणे देत होते.) वीस मिनिटांनी थुटूक असं बाहेर आलं, जणू स्वतःहूनच निघालं होतं. मग टॅप फिरवून ब्लॉकमधले आटे साफ केले. आल्टरनेटरच्या कानातलं बुश झिजून अंडाकृती झालं होतं, ते मात्र नवीन घातलं. जे बदलायला हवं ते मिस्त्रींनी बदललंच.

तुटलेला तोंडवळा त्यांनी मला दाखवला. अर्धा भाग काळा, गंजलेला, अर्धा चकचकीत. “हे काळं जुनं. हे आजचं.” बोल्ट म्हातारपणाने तुटत नाही. त्याचं काम आल्टरनेटरला टांगून धरण्याचं नसतंच. दोन भाग एकमेकांवर असे दाबून धरायचे की घर्षणानेच ते हलू नयेत. तो सैल राहिला की प्रत्येक हादरा त्याच्या मानेवर बसतो, एक बारीक चीर पडते आणि रोज केसभर वाढते. त्यातून हा बोल्ट मुळात गेटचा! चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलोंची ओढ सोसून मग तुटेन, असा त्याचा लेखी करार. गेटच्या साध्या बोल्टाचा करार साधारण निम्म्याचा, आणि बहुधा तोही तोंडी.

गंमत पाहा. इथून जवळच, वैशाखऱ्याहून चढलं की नाणेघाट. तिथे सातवाहनांनी दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले आकडे आहेत. किती गाई, किती नाणी दान दिली त्यांचे. ते वाचायला लोक घाम गाळत डोंगर चढतात. बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा वाचायला मात्र दुकानात चष्मासुद्धा कुणी चढवत नाही.

जुन्या ट्रकच्या धुराची वकिली मी करणार नाही. त्याच्या मागे मीही खोकलोय. पण वयावरून लायकी ठरवण्याचा सोस पाहा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारने आपल्या स्वतःच्या पंधरा वर्षं उलटलेल्या गाड्या मोडीत काढायचा नियम लागू केला. चौदा वर्षांच्या गाडीत गेटचा बोल्ट असेल तर ती तरुण! दुसरीकडे २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारीही आल्या. उत्तम. हक्क मिळेल, पण पाव आटा मागे, जरासा पुढे करणारा हात कुठून आणायचा? मिस्त्रींचा मुलगा कल्याणला मोबाईलच्या दुकानात आहे. तिथे तो गिऱ्हाइकांना काय सांगतो, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

पैशांच्या वेळी मेव्हण्यांनी घासाघीस केलीच. “भावोजी, तुम्हीच सांगा, एका बोल्टाचे एवढे?” मी सांगितलं की बोल्टाचे थोडेच आहेत, बाकीचे न मोडलेल्या इंजिनाचे आहेत. त्यावर ते माझ्याशी रात्री जेवेपर्यंत बोलले नाहीत.

निघताना मिस्त्रींनी ड्रायव्हरला बजावलं होतं, दोन खेपा झाल्या की परत ये, बोल्ट बघू, पैसे नकोत. ड्रायव्हर येईल असं कुणालाच वाटलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे तो कोबीसकट दारात हजर. मिस्त्रींनी दात घासता घासता पाना लावला. बोल्ट पाव आटा फिरला.