राजीने अमरावतीच्या आखाड्यात यावं

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२५ मध्ये ‘राजी : कलियुग’ जाहीर केला, तेव्हा पहिला भाग खेळलेल्यांची एक जुनी हुरहूर पुन्हा जागी झाली. २०२० साली आलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ ऐन रंगात येतो आणि संपतो. राखीपौर्णिमेला असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली राजी महाबलासुरापर्यंत पोचते, आणि पाच-सहा तासांत गोष्ट अर्ध्यावर सोडून पडदा पडतो. अकोल्याचे पोट्टे असोत की परदेशातले खेळाडू, शेवटाबद्दलची तक्रार सारखीच होती.

पण तो गेम झाला, हेच मोठं. २०१७ मधली त्याची किकस्टार्टर मोहीम उद्दिष्टापर्यंत पोचलीच नाही. तरी स्टुडिओने काम सोडलं नाही, आणि २०२०च्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं.

राजीची खरी श्रीमंती भिंतींवर होती. भित्तिचित्रं, राजस्थानी वळणाचे किल्ले, छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा, आणि दुर्गा व विष्णू यांचं मधूनमधून चाललेलं संभाषण. लढाई मात्र तेवढी भरली नाही. खांबाला गिरकी घेऊन शत्रूवर झेपावण्याची कल्पना सुरेख. पण कॅमेरा इतका लांब की घाव बसल्याचा धक्का हाताला जाणवत नाही. त्रिशूळ आणि तलवार यांच्या वजनातला फरकही कळत नाही. नव्या भागात कॅमेरा राजीच्या पाठीशी येतो, तिच्या जोडीला दर्श हे दुसरं पात्रही येतं. निर्णय योग्य आहे, आणि धोक्याचाही. जवळून पाहिलं की प्रत्येक पाऊल, प्रत्येक तोल उघडा पडतो. अशा वेळी परदेशी गेममधल्या कसरती उचलून राजीच्या अंगावर चढवल्या, तर ती त्यांच्याच गर्दीत हरवेल.

याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली होती. मल्लखांब, लाठी, दांडपट्टा, लेझीम ही या मातीची शरीरविद्या. मल्लखांबावरची अढी पाहिली की लक्षात येतं, मांड्यांच्या पकडीवर सगळा देह तोलला जातो, हात मोकळे राहतात. हात मोकळे म्हणजे शस्त्र चालवायला मोकळे! खांबावर चढणारी, फिरकी घेणारी राजी पहिल्या भागातच होती. तिला ही पकड मिळाली तर तिची लढत जगात दुसऱ्या कुणासारखी दिसणार नाही. दांडपट्ट्याचंही तसंच. मनगटापासून कोपरापर्यंत खोबळ्यात बंद असलेला हात मनगटात वळत नाही, म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, आणि एकट्याने चौफेर घेराव तोडता येतो. असुरांच्या टोळीत सापडलेल्या मुलीला आणखी काय हवं?

आपल्याच मातीतून गेम घडवण्याचा हा रस्ता झेक देशातल्या ‘वॉरहॉर्स’ स्टुडिओने चालून दाखवला आहे. त्यांचा ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स २’ हा अॅक्शन रोल-प्लेइंग गेम फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. १४०३ सालचा बोहेमिया आणि तिथलं कुटेनबर्ग शहर त्यांनी बारकाईने उभं केलं. खेळाडू त्या गल्ल्यांतून तासन्‌तास फिरत राहतात, कारण ती गावं खरी आहेत. वऱ्हाडात असा ऐवज कमी नाही. अकोट तालुक्यातल्या नरनाळ्याचा कोरीव अक्षरांनी मढलेला महाकाली दरवाजा १४८७चा आहे. बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगाची काळ्या दगडाची छत्री आहे. चिखलदऱ्याचं नाव कीचकवधाच्या आख्यायिकेशी जोडलेलं आहे. शेजारी गाविलगड आणि खाली खोल दरी. भीमाने कीचकाला जिथे लोटलं असं लोक सांगतात, तिथे बॉसची लढाई का रंगू नये?

भाषेचीही गोष्ट आहे. २०२२च्या सुधारित आवृत्तीत पहिल्या भागाला हिंदी संवाद मिळाले. ‘कलियुग’मध्ये निदान मराठी सबटायटल्स तरी असावीत. पुण्यात घडणाऱ्या गेमकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

स्टुडिओने मोशन कॅप्चरचे कॅमेरे घेऊन एकदा अमरावतीला यावं. मंडळातली मुलं-मुली पहाटे मैदानावरच असतात.